माऊसने उचललेली विहीर

जळगावात माझं काम एवढंच: मोजणीवाला शेत मोजून आकड्यांची फाइल पाठवतो, ती संगणकावर कॅड या नकाशाच्या प्रोग्रॅममध्ये घ्यायची, नकाशा तयार करायचा आणि त्यावर ठिबकच्या नळ्या आखायच्या. फाइलमध्ये तीन रकाने असतात: उत्तरेचा, पूर्वेचा आणि उंचीचा. कॅडला मात्र पूर्वेचा आधी लागतो. हे मी ऑफिसात सगळ्यांना बजावत असे, म्हणून स्वतः कधी तपासत नसे.

शिरपूरकडच्या एका आबांच्या केळीच्या शेताला मी रकाने उलटे घातले. शेत जवळजवळ चौकोनी, त्यामुळे आकार काही बोलला नाही. बोलली ती विहीर. आबांनी फोनवर ती वायव्येला सांगितली होती, नकाशात निघाली आग्नेयेला. शहाण्याने फाइल उघडून पाहिली असती. मी मनातल्या मनात मोजणीवाल्याला गाढव ठरवलं आणि माऊसने विहीर उचलून आबा म्हणाले तिथे ठेवली. एवढ्या झटपट विहीर अख्ख्या खान्देशात कुणी हलवली नसेल.

उतार मात्र चुकीचाच राहिला. शेत पश्चिमेकडून पूर्वेला उतरतं, डोळ्यांना कळेल न कळेल इतकं. माझ्या कागदावर ते दक्षिणेकडून उत्तरेला उतरत होतं. उताराला आडव्या जायला हव्या त्या नळ्या मी सरळ उतारावर टाकल्या, आणि जोडणीवाल्यांनी कागद बघून तशाच पसरल्या.

लागवडीनंतर चौथ्या दिवशी आबांचा फोन. "भाऊ, खाले चिखल व्हई गया नि वर बठ्ठं कोरडं शे."

"पंपाचा दाब कमी पडतोय, आबा. दाखवून घ्या." नकाशा न उघडताच मी निदान केलं.

आबांनी ऐकलं. पंप काढून शिरपूरला नेला. ऐन उन्हात कोवळ्या रोपांना दोन दिवस नळीचं पाणी नाही.

इकडे मी फाइल उघडली, तीही मोजणीवाल्याला विहिरीवरून झापायला पुरावा हवा म्हणून. रकाने पाहिले आणि फोन करायचा धीर झाला नाही. एसटी धरली.

शेतात अक्का, आबांच्या मालकीणबाई, बादलीने एकेका रोपाला पाणी घालत होत्या. ओळींच्या वरच्या टोकांची रोपं पिवळी पडून माना टाकून होती. आबा बांधावर बसले होते.

"मिस्तरी म्हने, पंप चांगला शे."

"नकाशा चुकला, आबा. चूक माझी."

"मंग फोनवर पंपनं नाव काबर लिधं तू?"

चूक कशी झाली ते मी कागदावर काढून दाखवू शकलो असतो. पंपाचं नाव का घेतलं, ते कोणत्या कागदावर काढणार? नळ्या मी पदरच्या खर्चाने फिरवून देईन, असं काहीबाही बोललो.

"नळ्या फिरतीन," आबा म्हणाले आणि उठले.

मी अक्कांच्या हातून बादली घेतली. पलीकडच्या ओळीत आबा वाकून मेलेली रोपं उपटत होते, एकेक मूळ बघून बाजूला ठेवत. माझ्याकडे त्यांनी मान वर करून पाहिलं नाही.