दर सोमवारी, फुंकून पाहिले

जप्त मालाच्या गोदामावर मावशींनी एकतीस वर्षं काढली, पण कुठल्या वस्तूला गंज चढू दिला नाही. घड्याळांना चावी, शिलाईयंत्रांना तेल, सायकलींना हवा. सरकारने धरली म्हणून वस्तू काही गुन्हेगार होत नाही, असं त्यांचं साधं मत होतं. आली तशी परत गेली पाहिजे.

दोन वर्षांपूर्वी एका बँडच्या गाडीत चोरटा माल सापडला आणि गाडीसकट सगळी वाद्यं जप्त झाली. त्यात ट्रम्पेट वाजवणाऱ्याचं स्वतःचं ट्रम्पेटही गेलं. बिचारा दर महिन्याला खिडकीशी येऊन विचारायचा, "मावशी, बरं आहे ना?" हा प्रश्न आपल्या तब्येतीबद्दल आहे, असा गैरसमज मावशींनी कधी करून घेतला नाही.

अखेर वाद्य परत द्यायचा कोर्टाचा हुकूम आला, आणि नेमके त्याच आठवड्यात नवे साहेब आले. त्यांना ट्रम्पेटच्या खटक्यांवर ताजं तेल दिसलं.

"जप्तीच्या मालाला हात लावलात? बिघाड निघाला तर नोकरी जाईल, बाई. निवृत्तीला सहा महिने उरलेत, हे मी बघणार नाही."

"हातच्या काकणाला आरसा कशाला, साहेब? मालक समोरच आहे. वाजवू दे त्याला."

वाद्य न्यायला आलेल्या वाजवणाऱ्याने ते ओठाला लावून गाल फुगवले. फुस्स. पुन्हा फुस्स. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

 मग मावशींनी ट्रम्पेट घेतलं, रुमालाने पुसलं आणि फुंकलं. खणखणीत, सरळ सूर निघाला. खटका दाबला, दुसरा निघाला. शेजारच्या खोलीतले कारकून दारात येऊन उभे राहिले.

"हे कुठे शिकलात?" साहेबांनी विचारलं.

"शिकतेय कुठली! तेल दिल्यावर चालतंय का, ते बघायला नको?"

त्यांनी नोंदवही पुढे सरकवली. ताकाला जाऊन भांडं लपवायचा त्यांचा स्वभावच नव्हता. दर सोमवारी तीच ओळ होती: तेल दिले, फुंकून पाहिले, शाबूत. साहेबांनी दहा-बारा पानं उलटली आणि टोपण परत लावलं.

वाजवणारा मात्र मान खाली घालून उभा होता. दोन वर्षांत त्याने दुसरं वाद्य ओठाला लावलं नव्हतं. मावशींना फार वाईट वाटलं. गोदामातलं एकूणएक जपलं, आणि खिडकीबाहेरचा माणूस तेवढा राहून गेला.

"वाद्य शाबूत आहे रे, ओठ गंजलेत तुझे," त्या म्हणाल्या. "सोमवारी हे घेऊन ये. मलाही आता फुंकायची सवय झालीय."