पगारासाठी दिलेला अंगठा

गयाबाईंनी दोन एकर जमिनीवरचा आपला हक्क एका बुधवारी शेवगावच्या दस्त नोंदणी कार्यालयात सोडला. काय सोडलं, हे त्यांना तीन आठवड्यांनी माझ्या टेबलासमोर कळलं.

मी तेव्हा त्या भागाचा मंडळ अधिकारी होतो. लोक सर्कल म्हणतात. जमिनीची मालकी बदलली की तलाठी फेरफार नोंदवतो आणि संबंधितांना नोटीस देतो. पंधरा दिवसांत हरकत आली नाही, तर सर्कल नोंद मंजूर करतो. मग सातबारा बदलतो.

गयाबाई तीच नोटीस घेऊन आल्या होत्या.

"सर्कलसाहेब, पगाराचा कागद आलाय. कवा सुरू हुईल?"

निराधारांच्या मासिक अनुदानाला गावात पगार म्हणतात. मी नोटीस वाचून दाखवली.

"आजी, हा पगाराचा कागद नाही. तुम्ही जमीन मुलाला सोडून दिलीय."

"मी कशाला सोडू? माझ्या मालकानं दगडं येचून केलंय ते रान."

हरकतीला तीन दिवस उरले होते. तलाठ्याने हरकत लिहून घेतली. या वेळी अंगठ्याआधी दोनदा वाचून दाखवली.

सुनावणीला मुलगा बाळासाहेब आला. एका डेअरीत कायम नोकरीला, आई त्याच्याच रेशनकार्डावर.

"नावावर जमीन हाय तवर पगार मिळत न्हाई, साहेब. एजंट म्हणला."

"कोणत्या नियमात?"

"ते त्येला म्हाईत."

"पगाराचा अर्ज कुठंय?"

"करायचा हाय की."

"म्हणजे जमीन आधी, अर्ज मागून?"

गयाबाई मध्येच बोलल्या, "फोटू काढताना म्हणला, आये, हितं बघ, पगाराचा फोटू हाय."

"आये, तू गप बस."

"गप बसले म्हणूनच ही येळ आली, मुडद्या."

नियम उत्पन्न पाहतो. जमीन नावावर आहे एवढ्याने अर्ज बाद होत नाही; तिचं उत्पन्न मोजलं जातं, आणि घरच्या कमावत्याचंही. हे एजंटला ठाऊक नसेल, असं मानायला मी तयार नव्हतो. 'पगारासाठी' केलेले असे हक्कसोड मी आधीही मंजूर केले होते, कारण हरकतच आली नव्हती. दर वेळी नाव म्हातारीचंच गेलं. पात्र होण्यासाठी मुलाने स्वतःचं नाव कमी केल्याचं एकही प्रकरण माझ्यापुढे आलं नाही.

मी तहसीलदारांना फोन केला.

"साहेब, उघड फसवणूक आहे."

"जबाबात लिहा."

"नोंद मंजूर करू?"

"दस्त रजिस्टर झालाय. तो रद्द करायला आपण दिवाणी कोर्ट आहोत का?"

"नाही."

"मग?"

गयाबाईंचा जबाब मी त्यांच्याच शब्दांत लिहिला. त्याखाली हरकत फेटाळली आणि नोंद मंजूर केली. खोटं बोललेल्याचा कागद कायद्यात बसत होता. खरं बोललेलीचं बोलणं बसत नव्हतं.

जबाबाची नक्कल घेऊन गयाबाई सरकारी मदतीच्या वकिलाकडे गेल्या. दस्त रद्द करण्याचा दावा दाखल झाला. निकाल होईपर्यंत जमीन विकायला कोर्टाने मनाई केली. दावा अजून चालू आहे. सातबाऱ्यावर नाव मुलाचं आहे.

अनुदानाचा अर्ज पुढे तलाठ्याने भरून दिला. तो नामंजूर झाला. शेरा असा: 'मुलगा नोकरीस. अर्जदार त्याच्या कुटुंबात राहते.'