गुंतवळाची पुरचुंडी

अमरावतीच्या दवाखान्यात माझं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं तेव्हा माझी लेक दीड वर्षाची होती. ऑपरेशनाला मी घाबरले नाही. घाबरले ती तीन महिन्यांनी, अकोल्याला घरी, फणीत मूठभर केस आले तेव्हा. मडम डॉक्टरणीनं निघताना बजावलं होतं, "केस गळतील, पुन्हा येतील." पहिलं खरं झालं. दुसऱ्यावर माझा विश्वास नव्हता.

आमचा फुलांचा मळा. दुसऱ्या बायकांच्या अंबाड्यांसाठी शेवंतीच्या वेण्या मीच गुंफायची, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला तर नुसती कातडी लागे. मी बाजारात जाणं सोडलं, आरशावर फडकं टाकलं.

"कोन पायते तुह्या डोक्याकडे?" नवरा म्हणे. त्याच्या डोक्यावर रान माजलेलं, त्याला बोलायला काय जातं!

सासू मात्र पाहत असे. फणीतलं गुंतवळ ती मला फेकू देत नसे, गोळा करून घेऊन जाई. आमच्या गल्लीत सुया-पोत विकणारी बाई यायची, ती गुंतवळाच्या बदल्यात सुया देई. एका दुपारी सासूच्या हातात सुयांची नवी पुडी दिसली आणि माझं टाळकंच फिरलं.

"माहे केस देऊन सुया घेतल्या तुमी? काई वाटलं नाई?"

तिनं पुडी कनवटीला खोचली आणि चुलीकडे वळली. एरवी एकाला चार ऐकवणारी बाई नुसती निघून का गेली, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. महिनाभर मी तिच्याशी धड बोलले नाही.

मग एके दिवशी कपाळाच्या कडेला लव लागली. मी ओरडलेच. सासूनं मला उजेडात बसवलं, बोटांनी नीट चाचपलं, आत गेली आणि कणगीमागून एक पुरचुंडी आणली. आत माझे केस होते, सगळे, विंचरून, तेल लावून, दोऱ्यानं बांधलेले. सुया तिनं स्वतःच्या पांढऱ्या केसांवर घेतल्या होत्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "गंगावन कराचं होतं काय, आत्याबाई?"

"नाई वं. मले वाटलं, तू जाशीन. घरात तुहा एक फोटो नाई. पोरीले माय म्हून काय दाखवलं असतं मी?"

तिनं पदरानं नाक पुसलं आणि पुरचुंडी माझ्या ओटीत टाकली.

"घे आता याच्या सुया."