एसटी न धरणारा माणूस

आमचे हे डिंभ्याहून मंचरला नोकरीला जायचे. तीस वर्षं सकाळच्या एसटीमागं धावले. निवृत्त झाल्यावर मात्र रोज दुपारचा चहा झाला की "आलोच जरा" म्हणून बाहेर पडायचे, ते दिवस मावळताना परतायचे. चालही मंदावली होती. मला वाटलं, यांना काहीतरी दुखणं आहे आणि ते माझ्यापासून लपवतायत. मी गुपचूप त्यांचे खिसे तपासले. गोळी नाही, डॉक्टरची चिठ्ठी नाही. त्यानं माझा संशय वाढलाच.

एक दिवस मी मागोमाग गेले. हे एसटीच्या थांब्यावर कट्ट्यावर बसलेले. गाडी आली, माणसं चढली, गाडी गेली. हे तिथंच.

"कुठं जायचंय तुमाला?" मी समोर जाऊन विचारलं.

ते दचकले. "कुठंच न्हाई. गाडी सुटती ती बघतो. आता मला धरायची नसती, लई बरं वाटतं."

"खरं सांगा, छातीत दुखतंय का?"

"न्हाई गं. बस जरा."

माझा विश्वास बसेना. दुसऱ्याच दिवशी त्यांना दवाखान्यात नेलं. तपासण्यांत काही निघालं नाही. "वय झालं, सावकाश चालतायत, एवढंच," डॉक्टर म्हणाले. तरी मी यांच्या तोंडाकडं संशयानं बघतच राहिले.

त्या संध्याकाळी मीही थांब्यावर यांच्याशेजारी बसले, खरंतर पाळत ठेवायला. घरी सून एकटी स्वयंपाकाचं काय करत असेल, हा विचार मला तब्बल अर्ध्या तासानं आला. मी उठले नाही.