बाबांनी लिहून दिलेली विहीर

भाषण कसं करायचं हे मला कोणी शिकवावं, हा मी स्वतःचा अपमान समजत असे. पुण्याच्या घरी माझ्या ढालींना शोकेस पुरेना, म्हणून आईचा टी-सेट माळ्यावर गेला होता. शाळेची स्पर्धा, आंतरशालेय, गणेशोत्सव, जिथे माईक तिथे मी. त्यामुळे नॉटिंगहॅमला मास्टर्सला आल्यावर ‘पब्लिक स्पीकिंग’ सक्तीचा विषय आहे हे वाचून मला हसूच आलं. म्हटलं, चला, एक विषय तरी घरचा आहे.

एक बारीकशी गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नव्हती. त्या ढालींमागचं एकही वाक्य माझं नव्हतं. बाबा मराठीचे शिक्षक. भाषण ते लिहायचे, मी पाठ करायचे. कुठल्या शब्दाला उजवा हात वर जायचा आणि कुठे आवाज भरून यायचा, हे समासात लाल पेनाने लिहिलेलं असायचं. यात फसवणूक वगैरे काही नाही हं. समोरच्या मुलाचंही त्याच्या बापानेच लिहिलेलं असतं. स्पर्धा बापांची असते, आपण फक्त इस्त्रीचा गणवेश घालून उभं राहायचं.

इथे पहिला विषय मिळाला ‘माझ्या जवळची एक जागा’. तीन मिनिटं. मी सवयीने बाबांना फोन केला. त्यांनी नॉटिंगहॅम पाहिलेलं नाही, त्यामुळे लिहायला काहीच अडचण आली नाही. दोन दिवसांत वहीच्या पानांचे फोटो व्हॉट्सअॅपवर हजर. मी त्याचं इंग्रजी केलं, ट्राममध्ये जाता-येता घोकलं, आणि वर्गात उभी राहिले. “रिस्पेक्टेड ट्यूटर, अँड माय डिअर फ्रेंड्स गॅदर्ड हिअर टुडे!” गॅदर्ड म्हणजे चौदा जण, त्यातले दोघे क्रिस्प्स, म्हणजे आपले वेफर्स, खात होते. मग उजवा हात छताकडे आणि “ओ नॉटिंगहॅम!” शेवटी ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते’ हेही मी इमानदारीत इंग्रजीत सांगितलं आणि नमस्कार करून बसले.

क्रिस्प्स खाणाऱ्यांचे हात पाकिटातच थांबले होते. आमच्या ट्यूटरबाई, म्हणजे कुणालाही न दुखावण्याचा वसा घेतलेली बाई, दोन क्षण शब्द शोधत राहिल्या आणि म्हणाल्या, “वॉव. दॅट वॉज व्हेरी पॉवरफुल.” या देशात नवीन आलेल्या माणसाला हे कौतुक वाटतं. मी चक्क ‘थँक यू’ म्हणाले. मागे बसलेली माझी नागपूरची मैत्रीण कुजबुजली, “काय करून राहिली तू? प्रचारसभा आहे का ही?”

मार्क पडले अडतीस. पास व्हायला पन्नास लागत होते. मी तावातावाने बाईंच्या ऑफिसात गेले. त्यांनी आधी चहा दिला, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. मग फार मायेने विचारलं, की इतकं सगळं बोललीस, पण त्यात तू कुठे होतीस? मला प्रश्नच कळला नाही. मी स्टेजवर होते की, आणखी कुठे असणार!

पुन्हा परीक्षा द्यायची संधी एकदाच. तीत नापास झाले तर प्रबंध नाही, प्रबंध नाही तर डिग्री नाही. गाशा गुंडाळून घरी जायचं. आणि घरी सांगायचं काय, तर ढालींच्या कपाटाखाली बसून, की बाबा, मी बोलण्यात नापास झाले. मला रात्रंदिवस तेवढंच दिसत होतं. या वेळचा विषय होता ‘मला भीती वाटली तो प्रसंग’. पाच मिनिटं, आणि प्रसंग खरा हवा.

बाबांना नापास झाल्याचं सांगितलंच नाही. दुसरी फेरी आहे म्हटलं. ते खूश झाले. या वेळी सहा पानं आली. त्यात मी आठ वर्षांची होते, मामाच्या गावी विहिरीवर गेले होते, पाय घसरला आणि समोर नाग.

“बाबा, मामा डोंबिवलीत राहतो.”

“बरं मग?”

“मी विहीर आयुष्यात पाहिली नाहीये. असं काही घडलेलंच नाही.”

“अगं, घडलं नसलं तरी घडायला हवं होतं. श्रोत्यांना काय कळतंय?”

मी पाठ केलं. दुसरं काही मला येतच नव्हतं. मैत्रीण म्हणाली, “अगं बाई, तुझं काहीतरी सांग ना!” मी म्हटलं, माझं काय आहे सांगण्यासारखं. आणि हे मी अगदी मनापासून म्हटलं.

परीक्षेला बाई होत्या, शेजारी एक अनोळखी परीक्षक, आणि श्रोते हवेत म्हणून वर्गातले पाच-सहा जण. मैत्रीणही आली होती. मी सुरू केलं. विहीर झाली, शेवाळ झालं, पाय घसरला. नाग फणा काढणार तेवढ्यात माझं बाईंकडे लक्ष गेलं. त्यांनी पेन खाली ठेवलं होतं. त्या रागावल्या नव्हत्या, त्यांना माझं वाईट वाटत होतं. पुढचं वाक्य मला येत होतं, अगदी तोंडावर होतं. ते मी बोललेच नाही.

“हे खोटं आहे,” मी इंग्रजीत म्हणाले. “हे माझ्या वडिलांनी लिहिलंय.”

आता संपलंच होतं, तर म्हटलं होऊन जाऊ दे. मी सांगितलं, की मी चौथीत होते. गणपतीच्या मांडवात मी एक ओळ विसरले. बाबा पहिल्या रांगेत बसून ओठांनी ती ओळ सांगत होते आणि मला ती वाचता येत नव्हती. माझा दुसरा नंबर आला. घरी जाताना स्कूटरवर बाबा एक अक्षर बोलले नाहीत. पुढचे दोन दिवसही नाही. तिसऱ्या दिवशी नवीन भाषण माझ्या उशाशी ठेवलेलं होतं. त्यानंतर मी कधी ओळ विसरले नाही. लोक म्हणायचे, काय धीट मुलगी आहे! मी धीट नव्हते हो, मी बाबांना भ्यायचे. अजूनही भिते. हे सांगताना क्रियापदं चुकत होती, नाक गळत होतं, हात कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं. भाषण संपवायचं कसं तेही माहीत नव्हतं, म्हणून मी नुसतीच थांबले.

बाई ‘पॉवरफुल’ म्हणाल्या नाहीत, ‘थँक यू’ म्हणाल्या. मैत्रिणीने बाहेर येऊन मला धपाटा घातला, “एवढं होतं पोटात, अन् नाग घेऊन फिरून राहिली होती!” पुढच्या आठवड्यात निकाल लागला. बासष्ट. मी लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसून ढसाढसा रडले आणि मग घरी फोन लावला.

“पास झाले, बाबा.”

“वा! म्हणजे विहीर आवडली त्यांना.”

‘हो’ म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. इतकी वर्षं तेच केलं होतं. “नाही बाबा,” मी म्हटलं, “तुमचं भाषण नाही केलं मी. मध्येच सोडून दिलं. माझंच बोलले.”

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला स्कूटर आठवली.

“कशावर बोललीस?” त्यांनी विचारलं.

“तुमच्यावर.”

“माझ्यावर?” त्यांचा आवाज एकदम हलका झाला, लाजल्यासारखा. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. “अगं, माझ्यावर काय बोलायचं? काय बोललीस?”

मी तोंड उघडलं. एक शब्द फुटेना.

“असू दे,” बाबा म्हणाले. “चांगलंच बोलली असशील.”