रिकाम्या खुर्चीसमोरचं गणित

शेजारच्या खोलीतून मुलीचा आवाज येत होता. समोर रिकामी खुर्ची ठेवून ती जर्मनमधून इंटिग्रेशन समजावत होती. इथे जर्मनीत तिची शाळेच्या शेवटच्या वर्षाची गणिताची परीक्षा तोंडी आहे, परीक्षक मध्येच थांबवून "हे का केलंस?" असं विचारतात म्हणे. आम्ही बारावीचं गणित मुकाट्याने सोडवलं. मान खाली घालून पायऱ्या लिहायच्या आणि उत्तराला चौकट करायची. का केलंस, असं मला कुणी विचारलं नाही. गणितातही नाही आणि पुढे देश सोडतानाही नाही.

मी दारात दिसताच ती म्हणाली, "बाबा, ये ना. तूच बस परीक्षक म्हणून."

मी बसलो. तिच्या खोलीतल्या फळ्यावरची ओळ न् ओळ ओळखीची होती. तिचं भरभर जर्मन मात्र डोक्यावरून जात होतं. ऑफिसात इंग्रजीवर भागतं, म्हणून मी ते शिकलोच नाही.

"आता विचार काहीतरी."

परीक्षा झाली की ती दुसऱ्या शहरात शिकायला जाईल. मग आमच्या या दोघांच्या घरात मी मराठी कुणाशी बोलायचं, एवढा एकच प्रश्न माझ्याकडे होता.

"बरोबर आहे," मी म्हणालो, आणि खडू घेऊन तिच्या उत्तराला चौकट केली.