एकविसाव्या पानावरचं टिंब

यंदा पन्नास पुस्तकं वाचणार, असं मी जानेवारीत सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाहीर केलं. कोणी विचारलं नव्हतं. मार्चपर्यंत तीन झाली, त्यातलं एक पाककृतींचं. त्याचा परिणाम भाजीवर कधी दिसेल, एवढंच नवऱ्याने विचारलं.

पुस्तकं कोथरूडमधल्या वाचनालयातली, सासऱ्यांच्या, म्हणजे बाबांच्या, नावावर. तिथल्या जुन्या सभासदांची एक पद्धत आहे. पुस्तक वाचून झालं की आपल्या ठरलेल्या पानावर पेन्सिलीने बारीक खूण करायची, म्हणजे तेच पुन्हा घरी येत नाही. कोणाची चांदणी, कोणाची फुली. आमच्या बाबांचं एकविसाव्या पानाच्या कोपऱ्यात टिंब. वाचनालयातल्या बाई या खुणांवरून सगळ्यांना झापतात आणि पुस्तक देताना स्वतःच ते पान उघडून बघतात.

बाबांचे गुडघे कुरकुरायला लागल्यापासून त्यांची पुस्तकंही मीच आणते. जूनमध्ये बाई रजेवर होत्या आणि मी नेहमीप्रमाणे घाईत. घरी येऊन बघते तर कादंबरीत टिंब. आता बोलणी खायची, म्हणून मी तयारीतच उभी राहिले. बाबांनी एकविसावं पान काढलं, डोळ्यांजवळ नेलं, खिडकीकडे धरलं आणि म्हणाले, नवीन दिसतंय, ठेव.

पुढचे चार दिवस ते पुस्तक घेऊन बसत होते. पानंही उलटत होती. पण दोन प्रकरणांमधलं कोरं पानसुद्धा त्यांनी तितक्याच सावकाश वाचलं. दिसत नाही हे घरात कळू नये म्हणून चाललं होतं सगळं. नवऱ्याला मात्र मी सांगितलं.

मग मी माझ्याच अब्रूचा प्रश्न पुढे केला. बाबा, माझं वाचन अडलंय, सारखा फोन हातात येतो; संध्याकाळी तुमच्यासमोर बसून मोठ्याने वाचते, तुम्ही नुसता धाक ठेवा. मी काय मास्तर आहे का, म्हणाले. पण बसले. हातात होती तीच कादंबरी मी सुरू केली.

तिसऱ्या दिवशी मी श्वास घ्यायला थांबले आणि पुढचं वाक्य बाबांनीच पुरं केलं. मी खाली मान घालून पान शोधत राहिले.

"हे माझं वाचलेलं आहे," ते म्हणाले. "टिंब असेल ना?"

"आहे."

"मला दिसलं नाही गं."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि म्हणाले, "वाच पुढे. आणि काल नदीचं वर्णन गाळलंस, ते आधी घे."

वर्षअखेर माझी पुस्तकं भरली अकरा, त्यातली आठ मोठ्याने वाचलेली. परवा पाहुणे आले होते. सध्या काय वाचताय, असं त्यांनी विचारायच्या आतच बाबा म्हणाले, "मला आता वाचता येत नाही. सून वाचून दाखवते. उच्चार बरे आहेत, घाई फार करते."